मंदीच्या दिवसांत आशा कशी धरायची: कामगारांसाठी पायरी-पायरीने

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत ऑर्डरी कमी झाल्या की आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग ठेकेदाराची माणसं कमी होतात, मग तीन शिफ्टच्या दोन होतात. इचलकरंजीत सुताचा भाव आणि कापडाचा दर जुळेनासा झाला की माग बंद राहतात. अशा वेळी धास्तावलेल्या माणसाला सगळ्यांकडून एकच सल्ला मिळतो: टेन्शन घेऊ नकोस, चांगला विचार कर, होतंय सगळं. सांगणाऱ्याच्या मनात माया असते. ऐकणारा तसं करायला जातो, चार दिवस जमतंही. पाचव्या दिवशी पतसंस्थेचा फोन येतो आणि सगळं ढासळतं. वर त्याला वाटतं की आशा धरणंसुद्धा आपल्याला जमत नाही.

जमत नाही, कारण क्रम उलटा झालेला असतो. आशावादी माणसं कठीण काळात मनाने कमी खचतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. २००६ साली सोल्बर्ग नेस आणि सेगरस्ट्रॉम या अभ्यासकांनी तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. आशावादी माणसं अडचणीकडे पाठ फिरवत नाहीत, असं त्यातून पुढे आलं. जिथे काही करता येतं तिथे ती हात घालतात, जिथे येत नाही तिथे मन सावरायचे उपाय शोधतात. अडचण नाहीच असं धरून चालणं त्यांच्यात कमी आढळतं. म्हणजे आशेचा फायदा पोचतो तो बराचसा या वागण्याच्या वाटेने. म्हणून खालच्या पायऱ्यांत आशेचं प्रत्यक्ष काम पाचव्या पायरीवर येतं. आधीच्या चार गाळू नका.

## सुरू करण्याआधीची जमवाजमव

एक साधी वही घ्या. हे काम मोबाईलवर करू नका, मध्येच फोन आला की धागा तुटतो. मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि कर्जाचे कागद एका पिशवीत गोळा करा: पतसंस्था, बचत गट, सोनेतारण, गाडीचा हप्ता. ज्याला कागद नाही तेही वहीत लिहा: किराणा दुकानाची उधारी, भिशी, मेहुण्याकडून घेतलेले हातउसने, ठेकेदाराची उचल. मनावर खरं ओझं बहुतेक वेळा या बिनकागदाच्या पैशांचंच असतं.

वेळ सुट्टीच्या सकाळची, जेवणाआधीची. नाईट करून आल्यावर, घरात भांडण झाल्यावर किंवा पोटात दारू असताना वही उघडू नका.

वहीच्या पहिल्या पानावर एका माणसाचं नाव लिहा, ज्याला तुम्ही रात्री दोनलाही फोन करू शकाल. त्याने अडचण सोडवायलाच पाहिजे असं नाही, फोन उचलला तरी पुरे. नाव सुचत नसेल तर तिथे १४४१६ लिहा. टेली-मानस या सरकारी सेवेचा हा नंबर. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

## पायरी १: पाणी किती चढलंय ते आधी बघा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्याला या दोन आकड्यांमधला फरक समजावून द्यावा लागत नाही. इशाऱ्याला आवराआवर करायची, धोक्याला सामानाकडे न बघता बाहेर पडायचं. मनासाठीही अशा दोन पातळ्या आत्ताच, डोकं ठिकाणावर असताना, लिहून ठेवा.

इशारा पातळी म्हणजे खालच्यापैकी काही गोष्टी दोन आठवडे, बहुतेक दिवस, चालू असणं:

- झोप लागत नाही, किंवा पहाटे तीनला जाग येते आणि परत डोळा लागत नाही
- डबा तसाच घरी येतो
- मशीनवर लक्ष लागत नाही, रिजेक्शन वाढलंय, मापं चुकतात
- पोरांवर, बायकोवर किंवा नवऱ्यावर उगाच खेकसणं
- जे आवडायचं त्यात मन नाही: तालीम, भजन, मॅच, गल्लीतल्या मंडळाचं काम
- छातीत दडपण, डोकं धरणं, अंग ठणकणं आणि तपासणीत काही न सापडणं

शेवटच्या ओळीकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे माणूस ‘मन उदास आहे’ असं सहसा म्हणत नाही, ‘अंगात त्राण नाही’ म्हणतो, आणि महिनोन्महिने ताकदीच्या गोळ्या खात राहतो. मात्र छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर आधी हृदयाची तपासणी करून घ्या. तिथे अंदाज बांधू नका.

धोका पातळी म्हणजे ‘आपण नसलेलं बरं’ असा विचार परत परत येणं, मरणाचा मार्ग डोक्यात घोळणं, निरोप घेतल्यासारखं बोलणं, एकाएकी वस्तू वाटून टाकणं.

थांबा. धोका पातळीतली एकही गोष्ट असेल तर हा लेख इथेच बाजूला ठेवा. १४४१६ ला फोन करा, नाहीतर सरळ सीपीआरच्या (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या) अपघात विभागात जा. एकटे जाऊ नका. घरच्यांनी तणनाशक, कीटकनाशक, गोळ्यांचा साठा त्याच दिवशी घराबाहेर हलवावा. शिफ्ट करून शेती बघणाऱ्या घरात या बाटल्या गोठ्यात नाहीतर माळ्यावर सहज हाताला लागतात. तो टोकाचा क्षण पुष्कळदा थोड्याच वेळाचा असतो आणि हाताशी साधन नसलं तर जीव वाचतो.

‘जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतोय का?’ असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरला जात नाही. उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो. विचाराच.

## पायरी २: झोप आधी, हिशोब नंतर

झोप मोडलेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट आहे त्याहून काळी दिसते. म्हणून आधी एक आठवडा फक्त झोपेवर द्या.

दिवसपाळी असेल तर उठायची वेळ रोज एकच ठेवा, सुट्टीलासुद्धा. नाईट असेल तर घरी आल्यावर हलकं खाऊन खोली जमेल तितकी काळोखी करा. घरच्यांना सांगून ठेवा की दुपारपर्यंत कोणी हाक मारायची नाही. झोपायच्या आधी पाच-सहा तास चहा बंद. फौंड्रीत भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी शिफ्टमध्ये पाणी पुरेसं प्यावं, कारण अंगातलं पाणी कमी झालं की थकवा आणि चिडचिड दोन्ही वाढतात.

‘एक क्वार्टर मारली की झोप लागते’ हे अर्धंच खरं. डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटत राहते आणि दुसऱ्या दिवशी धास्ती वाढलेली असते.

झोपताना विचार सुरू होत असतील तर चिंतेला दिवसातली वेळ ठरवून द्या. संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं, एकाच जागी बसून, वहीत. बाकी वेळी काळजी आली की ‘साडेसहाला बघू’ म्हणून एका शब्दात टिपून ठेवा. पहिले काही दिवस हे खोटं खोटं वाटेल, तरी करत राहा.

तपासा: आठवड्याने झोप तसूभरही सुधारली नसेल तर पुढच्या पायऱ्या करा, पण सोबत डॉक्टरची वेळही घ्या.

## पायरी ३: अडचणीचे तीन रकाने

सगळ्यात जास्त माणसं इथे चुकतात, म्हणून इथे घाई करू नका.

पानावर तीन रकाने आखा: माझ्या हातात आहे, माझ्या हातात नाही, मला माहीत नाही. समजा फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला, असलेला एक माणूस आहे (आकडे समजण्यापुरते). हातात येणारा पगार १६,००० रुपये. ओव्हरटाइमचे ५,००० मिळायचे, ते बंद झाले. हप्ते असे: पतसंस्था ४,०००, मोटारसायकल ३,२००, बचत गट १,८००, म्हणजे ९,०००. आधी घराला १२,००० उरायचे, आता ७,०००. ‘सगळं संपलं’ असं डोक्यात फिरत होतं त्याचा खरा आकार महिन्याला ५,००० रुपये आहे. तो कमी नाही. पण एवढाच आहे हे कागदावर दिसलं की श्वास थोडा मोकळा होतो.

आता रकाने भरा.

हातात आहे: पतसंस्थेत जाऊन बोलणं. गाडी ठेवायची की विकायची. कारखान्यात दुसऱ्या विभागात काम मागणं. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) किंवा वेल्डिंग शिकणं.

हातात नाही: गाड्यांच्या कंपन्यांकडून येणाऱ्या ऑर्डरी, सुताचा भाव, मालकाचे निर्णय, शेजाऱ्याचं बोलणं.

माहीत नाही: ओव्हरटाइम कधी सुरू होईल. ठेकेदाराकडे आपली हजेरी राहणार का. कापलेला पीएफ खरंच भरलाय का.

काळजी सगळ्यात जास्त पोसली जाते ती या तिसऱ्या रकान्यात. तिथल्या प्रत्येक ओळीपुढे कोणाला विचारायचं आणि कधी, हे लिहा. पीएफचं उत्तर यूएएन नंबरवरून (पीएफसाठी कामगाराला मिळालेला नंबर) पासबुक पाहिलं की लगेच मिळतं. हजेरीचं उत्तर ठेकेदाराकडे आहे, चहाच्या टपरीवर नाही. उत्तर वाईट मिळालं तरी ती ओळ तिसऱ्या रकान्यातून निघून पहिल्या दोहोंपैकी एकात जाते, आणि मग तिचं काय करायचं हे ठरवता येतं.

पतसंस्थेत हप्ता थकायच्या आधी जा. थकल्यावर जाणारा आणि आधी जाणारा, दोघांशी बोलायची तऱ्हा वेगळी असते. तीन गोष्टी विचारा: मुदत वाढवून हप्ता कमी होईल का, तसं केल्यास एकूण व्याज किती वाढेल, आणि हे लेखी मिळेल का. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर पोहोच घ्या.

दुसऱ्या रकान्याला ‘उपाय’ शोधत बसू नका. तिथे मन सावरायचं काम असतं: तालमीत घाम गाळणं, रंकाळा तलावावर एक फेरी, भजनाला बसणं, पोरांचा अभ्यास घेणं. याला वेळ घालवणं म्हणू नका. न बदलणाऱ्या गोष्टीवर हाच योग्य इलाज आहे. ‘कंपनी बंद पडणार’ असे फिरत आलेले मेसेज मात्र दिवसातून एकदाच पाहा.

सावध: या दिवसांत मटका, ऑनलाइन रमी आणि मोबाईल अ‍ॅपवरचं झटपट कर्ज, तिन्हीचा ओढा वाढतो. २००४ च्या एका अभ्यासात दिसलं की आशावादी माणसं जुगारात हरल्यावरही पुढच्या डावाची आशा सोडत नाहीत, निराशावादी माणसं मात्र हात आखडता घेतात. म्हणजे ज्या स्वभावाने माणूस एरवी तरतो, तोच स्वभाव इथे त्याला बुडवतो. मेहनतीने बदलेल अशाच गोष्टीवर आशा लावा. जुने हप्ते भरायला नवं कर्ज घेऊ नका.

## पायरी ४: मनातलं वाक्य दुरुस्त करा

संकटात माणूस स्वतःशी काय बोलतो यावर त्याचं खचणं बरंच अवलंबून असतं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांच्या कामातून आलेले तीन प्रश्न इथे उपयोगी पडतात. मनात जे वाक्य सारखं येतं ते जसंच्या तसं लिहा आणि त्याला विचारा: हे कायमचं आहे का? सगळ्याच बाबतीत आहे का? फक्त माझ्यामुळे आहे का?

‘मी घर चालवायला नालायक आहे’ हे वाक्य तिन्ही प्रश्नांत नापास होतं. दुरुस्त वाक्य असं: ‘दोन महिने ओव्हरटाइम बंद आहे, सगळ्या शिफ्टचा बंद आहे, म्हणून घरात ५,००० कमी पडतात.’ त्यात गोडवा नाही, दिलासाही फारसा नाही. पण ते खरं आहे आणि त्याच्यावर काम करता येतं.

इथली नेहमीची चूक म्हणजे ‘मी ग्रेट आहे, सगळं मस्त आहे’ असं उलटं टोक गाठणं. मन त्यावर विश्वास ठेवत नाही, आणि स्वतःशीही खोटं बोलतोय ही बोचणी वाढते.

तपासा: दुरुस्त वाक्य शेजारच्या मशीनवरच्या माणसाला वाचून दाखवा. तो ‘हां, हे खरंय’ म्हणाला तर वाक्य जमलं.

## पायरी ५: आता आशा, पण अडथळ्यासकट

गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की छान भविष्याची नुसती स्वप्नं रंगवली तर माणसाची उठून काम करायची ओढ कमी होऊ शकते. स्वप्नाच्या लगेच मागे अडथळा डोळ्यांसमोर आणला तर ओढ टिकते. त्याला ‘जर–तर’ ठरवण्याची जोड द्यायची, ज्यावर पीटर गोलविट्झर यांचं काम आहे. क्रम असा:

1. पुढच्या चार आठवड्यांत होण्यासारखी एकच इच्छा लिहा. ‘कर्ज फिटावं’ नको, ‘पतसंस्थेशी हप्त्याचं ठरावं’ चालेल.
2. ते झालं तर काय बरं वाटेल, हे डोळे मिटून दोन मिनिटं बघा. घाई नको. फोन वाजला तरी पोटात गोळा येत नाही, असं काहीतरी प्रत्यक्ष.
3. मग आड येणारी स्वतःच्या आतली गोष्ट शोधा. ‘शाखाधिकारी कडक आहे’ हा बाहेरचा अडथळा. आतला अडथळा असा: ‘तिथे ओळखीची माणसं असतात, मला लाज वाटते, म्हणून मी उद्यावर ढकलतो.’
4. जर–तर लिहा. ‘जर मंगळवारी सकाळी लाज वाटून पाय मागे आला, तर मी भावाला फोन करून त्याच्यासोबत दहा वाजता पतसंस्थेत जाईन.’

इचलकरंजीत मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या ताईचं जर–तर वेगळं असेल. तिची इच्छा: आठवड्यातून एक दुपार शिवणकामाच्या क्लासला जावं. आतला अडथळा: घरचं काम टाकून गेले तर सासूबाई काय म्हणतील ही धास्ती. मग: ‘जर गुरुवारी धास्ती वाटली, तर मी सकाळीच भाकरी-कालवण करून झाकून ठेवीन आणि सासूबाईंना तोंडाने सांगून निघेन.’ जिला कारखाना आणि चूल दोन्ही सांभाळायचं असतं तिच्या इच्छेचा आकार लहान ठेवावा लागतो. तो तिचा कमीपणा नाही, दिवसाचे तासच तेवढे उरतात.

चार चुका टाळा. अडथळा आधी आणि इच्छा नंतर लिहिली तर मन आधीच बसतं. एका वेळी तीन इच्छा धरल्या तर एकही होत नाही. ‘जर’मध्ये वेळ किंवा जागा नसली तर ते नुसतं ठरवणंच राहतं. आणि अडथळा खरोखर ओलांडण्यासारखा नसेल तर ती इच्छा सोडून दुसरी धरा. आशा धरणाऱ्याला सोडताही आलं पाहिजे.

## पायरी ६: घरात आणि कामावर बोला

पगार कमी झाल्याचं घरात लपवू नका. घरच्यांना ते कळतंच, फक्त कारण चुकीचं कळतं. बोलताना तीन रकान्यांचं पान पुढे ठेवा, म्हणजे बोलणं रडगाण्यावर किंवा आरोपांवर जात नाही. मुलांना आकडे सांगायची गरज नाही. ‘यंदा सहल नाही, पण शाळेची फी ठरल्याप्रमाणे भरणार’ एवढं पुरे.

सोबतचा कोणी खचलेला दिसला तर ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे वाक्य गिळा. त्याऐवजी: ‘भावा, आठवडाभर तू गप्प आहेस. काय चाललंय?’ मग ऐका. लगेच स्वतःची गोष्ट सुरू करू नका. शेवटी एकच ठोस मदत विचारा: ‘उद्या दवाखान्यात सोबत येऊ का?’

सुपरवायझर आणि मालकांसाठी: माणसांना आशावादी राहा असं सांगण्याआधी माहिती द्या. काम किती आठवड्यांचं आहे, पुढचं कधी सांगणार, ती तारीख फळ्यावर लिहा आणि त्या दिवशी बोला, सांगण्यासारखं काही नसलं तरी. पगार अडकवून ठेवून हिमतीचं व्याख्यान लावणं हा अन्याय आहे. पगार थकला असेल तर कामगाराने मनावर काम करत बसू नये, युनियनकडे किंवा सहायक कामगार आयुक्त कार्यालयात हजेरी आणि स्लिपा घेऊन जावं.

## पायरी ७: दर सुट्टीला वीस मिनिटं, आणि दवाखान्याची वेळ

दर सुट्टीला वही उघडा. तिसऱ्या रकान्यातल्या किती ओळी हलल्या? जर–तर पाळलं गेलं का? पाळलं नसेल तर स्वतःला शिव्या न देता अडथळा बदलून परत लिहा. मग पायरी १ मधली यादी पुन्हा वाचा.

दोन-तीन आठवडे हे करूनही इशारा पातळीच्या खुणा तशाच असतील तर सीपीआरच्या मनोविकार विभागात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. स्लिपेवर ईएसआयची (कामगार विम्याची) कपात असेल तर मनाच्या आजारावरचे उपचारही त्यात येतात. ईएसआयच्या डॉक्टरने आजारपणाचा दाखला दिला आणि वर्गणीचे दिवस भरलेले असले (सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवस) तर रजेच्या दिवसांचा सरासरी मजुरीच्या ७० टक्के भत्ता वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. दाखल्याविना घरी बसून राहू नका, भत्ता जातो आणि हजेरीही जाते.

जाताना ईएसआयचं कार्ड किंवा आधार, आधीच्या गोळ्यांची पाकिटं आणि ही वही न्या. डॉक्टरसमोर ‘बरंय तसं’ म्हणू नका. झोप, भूक, कामावरच्या चुका आणि दारू किती, हे वहीतून वाचून दाखवा. गोळ्या सुरू झाल्या तर उदासीवरच्या बहुतेक औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात तोंड कोरडं पडणं, मळमळ, थोडी सुस्ती असं होऊ शकतं. मशीनवर उभं राहायचं असतं हे डॉक्टरला आधीच सांगा, म्हणजे औषधाची वेळ त्याप्रमाणे लावता येते. बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. कमी कधी आणि कशा करायच्या हे डॉक्टरलाच विचारा, आणि पुढची तारीख वहीत त्याच दिवशी लिहा.